ताकदीच्या गोळीचे शास्त्र

औषधाच्या दुकानात ‘ताकदीच्या गोळ्या’ मागितल्या की हाती येणाऱ्या पाकिटावर हल्ली बहुधा ‘अँटिऑक्सिडंट’ असे छापलेले असते. ‘घ्यावी की नको, तेवढे सांगा’ म्हणणाऱ्या वाचकाचेही या विषयात मनापासून स्वागत आहे. पण कोणी, कशासाठी, किती घ्यायची, हे आधी विचारावे लागेल.

पेशी ऑक्सिजन वापरतात तेव्हा मुक्त मूलक तयार होतात, त्यांनी केलेली मोडतोड साचत जाते आणि माणूस म्हातारा होतो, असे डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडले. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत कर्करोग कमी आढळतो, हे निरीक्षणही पुढे जोडीला आले. मग भाज्या-फळांतली, मूलकांना आवरणारी द्रव्ये, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, सरळ गोळीतूनच का देऊ नयेत? तर्क बिनतोड वाटत होता.

फिनलंडमध्ये तो पारखला गेला. धूम्रपान करणाऱ्या, ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ पुरुषांपैकी काहींना असेच एक द्रव्य, बीटा कॅरोटीन, रोज २० मिलिग्रॅम दिले. १९९४ मध्ये निकाल आला: ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली. (पाकिटावर हे छापायला जागा पुरत नसावी.) मूलक हे नुसते शत्रू नव्हेत, पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात.

तरीही गोळी सरसकट निकालात काढणे मला पटत नाही. डोळ्यातल्या पीतबिंदूचा ऱ्हास मध्यम टप्प्याला पोहोचलेल्यांना क आणि ई जीवनसत्त्वे, बीटा कॅरोटीन व जस्त एकत्र दिल्यास आजार बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटतो, असे २००१ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसले. आजार नुकता सुरू झालेल्यांना मात्र असा फायदा दिसला नाही.

नवख्याने सुरुवात याच चाचणीपासून करावी आणि गोळीतल्या घटकांची यादी सावकाश वाचावी. तिच्यात २ मिलिग्रॅम तांबेही आहे, कारण ८० मिलिग्रॅम जस्त तांब्याचे शोषण अडवते. नंतर २०१३ची दुसरी चाचणी शेजारी ठेवावी: तिथे बीटा कॅरोटीनऐवजी ल्युटीन आणि झियाझँथिन घालून पाहिले. बीटा कॅरोटीन मिळालेल्या गटात फुप्फुसाचा कर्करोग पुन्हा जास्त निघाला, आणि कर्करोग झालेल्यांतले बहुतेक जण पूर्वी कधीतरी धूम्रपान करून सोडलेले होते.