कालव्याचे प्रत्याभरण नियंत्रण

कालव्याचे प्रत्याभरण नियंत्रण म्हणजे कालव्यातील पाण्याची पातळी किंवा प्रवाह वारंवार मोजून, अपेक्षित मूल्याशी आढळलेल्या तफावतीनुसार त्याच कालव्याची दारे वर-खाली करण्याची पद्धत होय. फीडबॅक या संज्ञेला मराठीत प्रत्याभरण म्हणतात. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांमुळे हा शब्द अनेकांच्या परिचयाचा आहे. येथे तो अभियांत्रिकीतील अर्थाने वापरला आहे. या पद्धतीसाठी भारतात निवडल्या गेलेल्या कालव्यांमध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव प्रकल्पाच्या उजव्या कालव्याचा समावेश होतो.

## संकल्पना

परंपरागत कालव्यावर दार किती उघडायचे हे आधीच ठरलेले असते. शेतकऱ्यांच्या पाणी अर्जांवरून आवर्तनाचा कार्यक्रम आखला जातो, त्यानुसार कालव्याच्या मुखाशी विसर्ग सोडला जातो आणि शेजपाळीने पाणी चाऱ्यांतून फिरते. मध्येच पाऊस झाला, एखादी चारी फुटली किंवा वरच्या अंगाला विनापरवाना उपसा झाला, तरी दाराला त्याचा पत्ता नसतो. पत्ता लागतो तो शेवटाकडच्या शेतकऱ्याला. अशा नियंत्रणास विवृत, म्हणजे खुले, नियंत्रण म्हणतात. परिणाम मोजून तो पुन्हा कारणाकडे पोहोचवला, की ते संवृत नियंत्रण होते.

घरातील उदाहरणाने हा भेद स्पष्ट होतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात घरोघरी चालणारा साधा कूलर हे विवृत नियंत्रण आहे. खोलीचे तापमान तो मोजत नाही, बटण ज्या वेगावर असेल त्या वेगाने चालत राहतो. साधे वातानुकूलन यंत्र मात्र तापमान ठरावाच्या थोडे खाली गेल्यावर कॉम्प्रेसर बंद करते व थोडे वर गेल्यावर सुरू करते. हा ‘थोडा’ फरक हेतुपुरस्सर ठेवलेला असतो. तो नसता तर कॉम्प्रेसर क्षणोक्षणी चालू-बंद होऊन लवकर निकामी झाला असता. मोठ्या इमारतींच्या ऊर्जा व्यवस्थापनातही हवा, गार पाणी आणि दिवे यांवर याच तत्त्वाने नियंत्रण ठेवले जाते. कालवा या सर्वांहून अवघड ठरतो, तो मुख्यतः एका कारणाने. ते कारण म्हणजे विलंब.

## विलंब आणि स्थिरता

दोन मीटर खोल आणि सेकंदाला ०.८ मीटर वेगाने वाहणाऱ्या कालव्यात दार हलविल्याने उठलेली लहान लाट प्रवाहाच्या दिशेने सेकंदाला सुमारे ५.२ मीटर वेगाने पुढे सरकते. दहा किलोमीटर अंतरावर तिची पहिली चाहूल लागण्यास सुमारे ३२ मिनिटे लागतात, आणि तेथील पातळी स्थिरावण्यास त्याहून बराच अधिक काळ जातो.

आता असा नियंत्रक कल्पावा, जो खालच्या टोकाची पातळी पाहून वरच्या टोकाचे दार चालवतो. पातळी उतरलेली दिसताच तो दार उघडतो. अर्धा तास काहीच फरक पडत नाही, म्हणून तो आणखी उघडतो. मग एकत्र साचलेला सगळा लोंढा येऊन पोहोचतो, पातळी ठरावाच्या वर चढते आणि नियंत्रक घाईने दार मिटू लागतो. त्याचा परिणामही अर्ध्या तासाने दिसणार असतो. पातळी ठरावाभोवती हेलकावे खाऊ लागते. हे हेलकावे क्रमशः विरत गेले तर व्यवस्था स्थिर, वाढत गेले तर अस्थिर समजली जाते. येथे दार सदोष नसते, मोजमापही अचूक असते आणि प्रत्येक निर्णय त्या क्षणी योग्यच दिसतो. तरीही कालवा बिघडतो.

या वर्तनाचे गणित थोडक्यात मांडता येते. पातळीतील तफावतीच्या प्रमाणात प्रवाह बदलला जात असेल, तर ‘दुरुस्तीचा दर गुणिले विलंब’ हा गुणाकार सुमारे १.५७ (म्हणजे पाय भागिले दोन) यापेक्षा कमी असेल तरच हेलकावे विरतात. हेलकावे मुळीच नको असल्यास तो सुमारे ०.३७ च्या आत ठेवावा लागतो. विलंब ३० मिनिटांचा असेल, तर मिनिटाला तफावतीच्या सुमारे ५.२ टक्क्यांहून अधिक दुरुस्ती करू पाहणारा नियंत्रक अस्थिर होतो. हेलकाव्याविना काम करायचे तर ही मर्यादा सुमारे १.२ टक्के आहे. विलंब दुप्पट झाला की दोन्ही मर्यादा निम्म्यावर येतात. लांब कालव्यावर संयम हा निव्वळ स्वभावाचा गुण नसून गणिताची अट आहे, असे यावरून म्हणता येईल.

अस्थिरतेची किंमत केवळ पाण्याच्या नासाडीत मोजून चालत नाही. पातळी झपाट्याने उतरली की अस्तराच्या मागे मातीत मुरलेल्या पाण्याचा दाब अस्तरावर येतो व ते तडकते. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या काळ्या मातीत हा धोका अधिक असतो.

## पूर्वपीठिका

जेम्स वॅट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला वेगनियामक बसविला. असे नियामक कधी कधी स्वतःच हेलकावे का खातात, याचे गणिती विवेचन जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये केले. पुढे राऊथ (१८७७), हुर्विट्झ (१८९५) व नायक्विस्ट (१९३२) यांनी स्थिरतेचे निकष सिद्ध केले. कालव्यांच्या बाबतीत फ्रान्समध्ये विशेष काम झाले. ग्रनोबल येथील नेयरपिक कंपनीने पाण्याच्याच दाबाने तरंगकाच्या साहाय्याने, विजेविना चालणारी दारे प्रचारात आणली. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोव्हान्स कालवा संस्थेने केंद्रीय नियंत्रण कक्षातून संपूर्ण कालवा चालविण्याची ‘डायनॅमिक रेग्युलेशन’ ही पद्धती विकसित केली. केवळ प्रत्याभरणावर विसंबले तर विलंब आड येतो, म्हणून या पद्धतीत मागणीचा अंदाज बांधून पाणी आधीच सोडले जाते आणि अंदाजातील चूक तेवढी प्रत्याभरणाने दुरुस्त केली जाते.

## माजलगाव उजवा कालवा

माजलगाव धरण गोदावरीची उपनदी सिंदफणा हिच्यावर असून ते जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचा भाग आहे. सिंदफणेच्या पाण्याखेरीज पैठणच्या नाथसागरातून निघणाऱ्या १३२ किलोमीटर लांबीच्या उजव्या कालव्याचे पाणीही या जलाशयात येते. येथून निघणारा माजलगावचा उजवा कालवा बीडसह परभणी जिल्ह्यालाही पाणी देतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या सिंचन सुधारणांमध्ये या कालव्यासाठी डायनॅमिक रेग्युलेशनची निवड झाली.

येथील खरी गुंतागुंत पैठणपासून मोजली पाहिजे. नाथसागराचे दार उघडल्यापासून माजलगावच्या शेवटच्या चारीपर्यंतचा विलंब मिनिटांत नव्हे, तर दिवसांत मोजावा लागतो. माजलगावचा जलाशय या दोन कालव्यांच्या मध्ये साठा म्हणून काम करतो, म्हणूनच वरच्या कालव्यातील चढउतार खालच्या कालव्यापर्यंत तसेच्या तसे पोहोचत नाहीत.

## मर्यादा

प्रत्याभरणाची कमाल मर्यादा दाराच्या उघडझापीशी संपते. दार पूर्ण उघडूनही पातळी ठरावाखालीच राहिली, तर नियंत्रण नावापुरते उरते. यास संपृक्तता म्हणतात. दुष्काळात मराठवाड्यातील कालव्यांची नेमकी हीच अवस्था होते. परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्राला २०१३ व २०१५ मध्ये पाण्याअभावी वीजनिर्मिती थांबवावी लागली. त्या वेळी प्रश्न दाराचा नव्हता, साठ्याचा होता.

साठ्याच्या पातळीवरही प्रत्याभरणाचे एक रूप आढळते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असल्यास ऊर्ध्व भागातील नाशिक व नगर जिल्ह्यांतील धरणांतून पाणी सोडण्याची तरतूद केली. येथे मोजमाप आहे, ठराव आहे आणि तफावतीनुसार कृतीही आहे. मात्र मोजमाप वर्षातून एकदाच होते. सोडलेल्या पाण्याचा काही भाग नदीच्या कोरड्या पात्रात मुरतो, आणि तो किती मुरेल यावरून ऊर्ध्व व निम्न भागांत दरवेळी वाद होतो.