बिनचेहऱ्याचा न्यायाधीश

मंडळी, राक्षसाचं सोंग घेतलेला नट ऐन रंगात आला आहे, पुढे बसलेली पोरं आईच्या पदराआड दडली आहेत, आणि एवढ्यात त्या नटाने मुखवटा वर सारून घाम पुसला तर काय होईल? पोरं लगेच ओरडतील, "अरे, हा तर आपला गणपा!" मग त्याने पुन्हा मुखवटा चढवला तरी उपयोग नाही. भीती गेली ती गेलीच. अगदी हाच प्रकार १९९५ साली एका ब्रिटिश चित्रकथेच्या नायकाच्या बाबतीत घडला, आणि तोही सुमारे नऊ कोटी डॉलर खर्चून! त्या नायकाचे नाव जज ड्रेड. जज म्हणजे न्यायाधीश. कागदावरचा हा न्यायाधीश पडद्यावर कसा आला, येताना काय हरवून बसला आणि पुढे त्यातले किती परत मिळाले, याची हकिगत आज तुम्हाला सांगायची आहे.

ब्रिटनमध्ये मुलांसाठी चित्रकथांची साप्ताहिके निघत. कागद वर्तमानपत्राचा, छपाई बहुतेक काळ्या शाईची, किंमत खाऊच्या पैशात परवडेल इतकी. १९७६ साली 'ॲक्शन' नावाचे असेच एक साप्ताहिक निघाले. त्यातली मारामारी पाहून वडीलधाऱ्यांनी इतका गिल्ला केला, की त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रकाशकांनी ते विक्रीतून काढून घेतले आणि पुढे अगदी सौम्य करून पुन्हा काढले. त्या प्रकरणातून पॅट मिल्स हे संपादक एक धडा शिकले. आजच्या रस्त्यावरचा हिंसाचार दाखवला तर लोक रागावतात. तोच शंभर वर्षांनंतरच्या रस्त्यावर दाखवला तर ती कल्पित गोष्ट ठरते. १९७७ च्या फेब्रुवारीत त्यांनी नवे साप्ताहिक सुरू केले. नाव 'टू थाउजंड ए.डी.', म्हणजे 'इसवी सन २०००'. त्याच्या दुसऱ्या अंकात, मार्च महिन्यात, जज ड्रेड पहिल्यांदा वाचकांपुढे उभा राहिला.

त्याला जन्म दिला दोघांनी. लेखक जॉन वॅगनर हे अमेरिकेत जन्मलेले, पण स्कॉटलंडात वाढलेले. चित्रकार कार्लोस एझ्केरा हे स्पेन देशाचे. वॅगनरना हवा होता एक कर्दनकाळ पोलीस, त्या काळच्या अमेरिकन सिनेमात दिसे तसा. एझ्केरांनी त्याला रूप दिले. डोळे झाकणारे हेल्मेट, खांद्यावर भलामोठा गरुड, अंगावर साखळी, बुडाखाली धिप्पाड मोटारसायकल. हे चित्रकार जनरल फ्रँकोच्या हुकूमशाहीत लहानाचे मोठे झाले होते. गणवेशातली सत्ता दिसते कशी, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी मागे जे शहर रेखाटले ते इतके अचाट होते, की ते पाहून गोष्टीचा काळच पुढे ढकलण्यात आला. पहिल्या गोष्टीतले साल आहे २०९९.

आता हे शहर कसे, ते ऐका. नाव मेगासिटी वन. अणुयुद्धात बाकी मुलूख भाजून निघाला, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हे एकच शहर पसरले. वस्ती सुरुवातीला ऐंशी कोटी. सगळी कामे यंत्रमानव करतात, म्हणून बहुतेक माणसे बेकार. बेकार माणूस वेळ घालवायला काय काय खूळ काढील, याला सुमार नाही. पैसे मोजून स्वतःला मुद्दाम कुरूप करून घ्यायची फॅशन निघते. पोट वाढवायची चढाओढ लागते, आणि मग त्या पोटाला आधार म्हणून खाली चाक बसवतात! वाचून हसू येते. हसता हसता मात्र ध्यानात येते, की या शहरात निवडणूक नाही, वकील नाही, अपील नाही.

आपल्याकडे चोर सापडला तर फौजदार त्याला पकडतो, वकील त्याची बाजू मांडतो, न्यायाधीश ऐकून घेतो, आणि शिक्षा झालीच तर ती अमलात आणणारा अधिकारी आणखी चौथा. कामाला उशीर लागतो खरा, आपण वैतागतोही. पण या चौघांच्या मध्ये ज्या जागा आहेत ना, तिथेच निरपराध माणसाला श्वास घ्यायला मिळतो. मेगासिटीत हे चारही एकाच माणसात कोंबले आहेत. ड्रेड पकडतो, जागच्या जागी निकाल देतो आणि शिक्षाही तिथेच देतो. कायदा कुठे आहे, असे विचारले तर तो स्वतःकडे बोट दाखवतो.

या माणसाचा चेहरा वाचकाला कधीच दिसत नाही. सुरुवातीच्या एका गोष्टीत त्याला हेल्मेट काढायला लावले, तर चित्रात चेहऱ्यावर छापखान्याची पट्टी मारलेली! पुढे वर्षे गेली, दशके गेली. या चित्रकथेत आपल्या जगाप्रमाणेच वर्षामागून वर्ष सरते, म्हणून ड्रेडही म्हातारा होत आला. हनुवटीवर सुरकुत्या आल्या, पण हेल्मेट तसेच राहिले. वाचकाला दिसते ती फक्त हनुवटी आणि खाली वळलेले ओठ.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचे इतके कौतुक कशाला? सांगतो. चेहरा दिसला, डोळे दिसले, की आपण त्या माणसाच्या बाजूचे होतो. त्याला दुखले तर आपल्याला दुखते, त्याने केलेले बरोबरच असेल असे वाटू लागते. ड्रेडच्या कर्त्यांनी ही वाट बंद करून ठेवली. १९८२ साली, शत्रूच्या शहराशी चाललेल्या युद्धात, ड्रेड शरण आलेल्यांची विनवणी न ऐकता अण्वस्त्रे सोडतो आणि पन्नास कोटी माणसे मारतो. १९९० साली 'अमेरिका' नावाच्या कथेत याच नावाची एक परदेशातून आलेल्या आईबापांची मुलगी लोकशाही मागते आणि न्यायाधीशांच्या गोळ्यांना बळी पडते. ही कथा वाचताना ड्रेड नायक की खलनायक, हे वाचकाने ज्याचे त्याने ठरवायचे असते. त्याचा शूरपणा खरा, प्रामाणिकपणाही खरा. तो लाच खात नाही, लबाडी करत नाही. तरीही त्याचे राज्य आपल्याला हवे का? हा प्रश्न त्या हेल्मेटच्या काचेमागे ठेवलेला आहे, आणि म्हणूनच मुलांच्या साप्ताहिकातली ही गोष्ट ती मुले मोठी झाल्यावरही वाचत राहिली.

अशी गोष्ट सिनेमावाल्यांच्या नजरेतून कशी सुटेल? १९९५ साली 'जज ड्रेड' हा चित्रपट आला. दिग्दर्शक डॅनी कॅनन हे इंग्रज, स्वतः या चित्रकथेचे वाचक. नायक सिल्व्हेस्टर स्टॅलोन. इंग्लंडातल्या शेपर्टन स्टुडिओत रस्ते उभारले, पोशाखाला इटलीच्या वर्साची यांचा हात लागला. शहर पाहून जुन्या वाचकांनी मान डोलावली. पण थोड्याच वेळात नायकाने हेल्मेट काढले, आणि मग ते जवळजवळ शेवटपर्यंत बाजूलाच राहिले.

यात सिनेमावाल्यांचे अगदीच चुकले असे म्हणू नका. त्यांचाही हिशेब होता. स्टॅलोनला जे मानधन द्यायचे ते त्याच्या चेहऱ्याचे. लोक तिकीट काढणार तो चेहरा पाहायला. तो झाकून ठेवायचा म्हणजे हलवायाने पेढे फडक्याखाली ठेवण्यासारखे झाले. शिवाय नटाचे मोठे हत्यार म्हणजे डोळे. तेच झाकले तर त्याने अभिनय करायचा कशाने? कागदावर ही अडचण नसते. दोन चौकटींच्या मधली रिकामी जागा वाचक आपल्या मनाने भरतो. पडद्यावर सगळे समोर दाखवावे लागते.

हिशेब चुकला तो दुसऱ्या ठिकाणी. चेहरा दिसताच ड्रेड हा खोट्या आरोपात अडकलेला बिचारा भला माणूस झाला. त्याला एक विनोदी जोडीदार दिला. चित्रकथेतल्या न्यायाधीशांना प्रेम करायची बंदी. इथे शेवटी चुंबनही झाले. अठरा वर्षांच्या अंकांतले भाऊबंद, गुंडांची टोळी, जुना लढाऊ यंत्रमानव हे सगळे एकाच चित्रपटात दाटीवाटीने बसवले. सगळे होते, आणि तो प्रश्न मात्र निघून गेला. कायदा वाईट नव्हे, वाईट माणसाच्या हाती गेला म्हणून वाईट, एवढेच उरले. खुद्द वॅगनर यांनी आपली नापसंती उघड बोलून दाखवली. अमेरिकेत चित्रपटाला साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास मिळाले, आणि पुढची बरीच वर्षे ड्रेडच्या वाटेला कुणी गेले नाही.

२००० साली या साप्ताहिकाची मालकी रिबेलियन या ऑक्सफर्डच्या कंपनीकडे आली. चित्रपटाचा दुसरा प्रयत्न २०१२ साली झाला. नाव नुसते 'ड्रेड'. लेखक ॲलेक्स गारलंड, दिग्दर्शक पीट ट्रॅव्हिस, नायक न्यूझीलंडचा कार्ल अर्बन. या वेळी वॅगनर यांचा सल्ला घेतला गेला. आणि गंमत पाहा, या चित्रपटाचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. निर्मितीत मुंबईच्या रिलायन्स एन्टरटेनमेंटचा वाटा होता. आणि छायाचित्रण होते अँथनी डॉड मॅण्टल यांचे. मुंबईत चित्रित झालेल्या 'स्लमडॉग मिलियनेर'साठी २००९ साली ऑस्कर मिळाले ते हेच.

पैसा पहिल्या चित्रपटाच्या निम्म्याहून कमी. मग गारलंड यांनी शेतकरी करतो तेच केले. पाणी कमी असले की शहाणा शेतकरी सगळ्या रानात ते फिरवत बसत नाही, एक वाफा नीट भिजवतो. त्यांनी सगळे शहर दाखवायचा हट्ट सोडला. एक दिवस घेतला, दोनशे मजल्यांची एक इमारत घेतली, आणि त्यात ड्रेड व त्याच्या हाताखाली आलेली एक शिकाऊ मुलगी कोंडून टाकली. चित्रण दक्षिण आफ्रिकेत, केप टाउन आणि जोहान्सबर्गमध्ये केले. आणि कार्ल अर्बनने सबंध चित्रपटात हेल्मेट काढले नाही. त्याने काम केले ते हनुवटीने, आवाजाने आणि मान वळवण्याच्या ढबीने. डोळे दिसतात ते त्या शिकाऊ मुलीचे. तिला दुसऱ्याच्या मनातले कळते. एका माणसाला ती न्यायाधीश म्हणून ठार मारते आणि मग त्याच्याच बायकोच्या घरात आसरा घ्यायची पाळी तिच्यावर येते. भिंतीवरचा फोटो पाहून तिला कळते, आपण कुणाला मारले. तो बिनचेहऱ्याचा कायदा कुणाच्या घरात काय करून जातो, हे प्रेक्षकाला तिच्या डोळ्यांतून दिसते. न गेलेल्या वाटेने लेखक बरोबर ठिकाणी पोचला.

म्हणजे हा चित्रपट गाजला असेल? नाही, मंडळी. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. ब्रिटनमध्ये सुरुवात जोरात झाली, पण अमेरिकेत अवघे दीड कोटी डॉलरसुद्धा मिळाले नाहीत. दुसरा भाग निघाला नाही. मात्र घरोघरी लोकांनी तो मागाहून पाहिला, एकमेकांना सांगितला, आणि दुसरा भाग काढा म्हणून लाखाहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या. एक गोष्ट मात्र खरी सांगितली पाहिजे. हेल्मेट राहिले, पण चित्रकथेतले हसू या चित्रपटात फार थोडे आले. ते कुरूपपणाचे खूळ, ते पोटाखालचे चाक कुठे दिसले नाही. म्हणजे इथेही काही मागे राहिलेच.

मग दूरदर्शनमालिकेचा विचार पुढे आला. आणि तो रास्तही होता. मूळ गोष्ट दर आठवड्याला पाचसहा पाने, अशी थेंबाथेंबाने आलेली. तिला दोन तासांच्या चित्रपटापेक्षा भागांची मालिका अधिक मानवणारी. २०१७ साली 'मेगासिटी वन' नावाच्या मालिकेची घोषणा झाली. २०१८ साली रिबेलियनने ऑक्सफर्डजवळ डिडकॉट येथे एका वर्तमानपत्राचा बंद पडलेला छापखाना घेऊन तिथे चित्रीकरणाचा स्टुडिओ करायचे ठरवले. छापखान्यात जन्मलेल्या गोष्टीला छापखान्यातच पडदा मिळायचा होता! पण घोषणेनंतर वर्षांमागून वर्षे गेली, आणि मालिका काही पडद्यावर आली नाही. त्याच २०१८ च्या ऑक्टोबरात कार्लोस एझ्केरा वारले.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना शेवटी एक सांगायचे आहे. स्नेहसंमेलनासाठी तुम्हीही पुस्तकातल्या गोष्टीचे नाटक बसवता. पात्रे कमी करावी लागतात, पडदे मिळत नाहीत, वेळ वीस मिनिटांचा. काटछाट तर होणारच. अशा वेळी मुलांना जवळ बसवून एकच विचारा: "या गोष्टीतले काय काढले तर ती गोष्टच राहणार नाही?" मुले आधी भलतेच काही सांगतील, सांगू द्या. कुणी राजाचा मुकुट म्हणेल, कुणी घोडा म्हणेल. हळूहळू कुणीतरी नेमके बोट ठेवील. तेवढे सांभाळा, बाकीचे खुशाल सोडा. आणि जमले तर त्याच मुलांना दुसरा प्रश्नही विचारा: पकडणारा, निकाल देणारा आणि शिक्षा करणारा एकच माणूस असला, आणि तो कितीही प्रामाणिक असला, तरी ते गाव राहायला कसे असेल? जज ड्रेडचे हेल्मेट आजवर कागदावर कुणी काढले नाही, ते याच प्रश्नासाठी.