टेकणारं हेड

भारनियमनाच्या वर्षांत शहागंजात लाईट गेली की डीटीपीवाल्याचा जीव टांगणीला लागायचा. इनपेजमधली उर्दू लग्नपत्रिका आणि श्रीलिपीतली मराठी पत्रिका एकाच संगणकात अडकलेली. लाईट आल्यावर आतून टकटक ऐकू आली की ‘डिस्क उडाली’. शिव्या वीज मंडळाला मिळायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण या दुखण्याचं मूळ बरंच मागे आहे.

१९५६ साली आयबीएमच्या पहिल्या डिस्कमध्ये दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर जेमतेम ५० लाख अक्षरं मावत. माहिती लिहिणारं-वाचणारं हेड तबकडीला घासू नये म्हणून कॉम्प्रेसरची हवा सोडत. १९७३ च्या ‘विंचेस्टर’ने निराळी वाट धरली. हेड अगदी हलकं केलं. तबकडी फिरताना ते हवेच्या पातळ थरावर तरंगे आणि तबकडी थांबली की तिच्यावरच टेके. पुढची घरगुती डिस्क या रचनेतूनच आली, आणि दर चालू-बंदला होणारी झीजही.

१९८० नंतरच्या छोट्या डिस्कांना संगणक हलवण्याआधी ‘पार्क’ची आज्ञा द्यावी लागे. पुढे वीज गेली तरी फिरत्या तबकडीच्या उरलेल्या वेगातून वीज मिळवून हेड आपोआप ठरल्या जागी जाऊ लागलं. तरी टेकणं सुटलं नाही. लॅपटॉपच्या डिस्कांत हेड तबकडीबाहेरच्या उतारावर चढवून ठेवायची सोय नव्वदच्या दशकात आली. टेबलावरच्या बऱ्याच डिस्कांना ती उशिरा मिळाली. म्हणजे दिवसातून अनेकदा वीज जाणाऱ्या आपल्या गावांत हेड टेकवणाऱ्या डिस्का चालत होत्या. याचं मला आजही वाईट वाटतं.

आपण उन्हाळ्यालाही दोष द्यायचो. गूगलने २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कांची नोंद मांडली, तेव्हा उष्णतेचा संबंध समजुतीपेक्षा बराच कमी निघाला. बिघडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी, डिस्क स्वतःच नोंदवते त्या धोक्याच्या चार मुख्य खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती.

त्या काळातल्या लग्नांचे फोटो आजही कपाटातल्या अशा डिस्कांत आहेत. फार दिवस पडून राहिलं की गुळगुळीत हेड तबकडीला चिकटू शकतं आणि मग मोटर फिरत नाही. जुन्या आयडीई जोडणीचा अडॅप्टर लावल्यावर डिस्क फिरली, तर बंद न करता आधी सगळं उतरवून घ्यावं. टकटक आली, तर लगेच वीज काढावी. पुन्हा पुन्हा चालू केल्याने हेड फोटोंवरूनच घासत जातं.