उणे वीस डिग्रीत गाडी ओढणारा ३४ इंचांचा घोडा : मिनिएचर हॉर्सचा हिवाळा नेमका कसा जातो?

डिसेंबर उजाडला की इन्स्टाग्रामवर एक रील हमखास फिरायला लागतं. आजूबाजूला पांढराशुभ्र बर्फ, मधोमध टेडी बेअरसारखा केसाळ, इवलासा घोडा आणि त्याच्या मागे छोट्या घसरगाडीत बसलेला चांगला धिप्पाड माणूस. घंटा वाजतायत, घोडा दुडक्या चालीने निघालाय. खाली कमेंट्समध्ये दोन गट पडलेले असतात. एक गट म्हणतो, 'किती गोड!' आणि दुसरा म्हणतो, 'बिचाऱ्याला थंडी वाजत नसेल का? एवढ्याशा जिवाला गाडीला काय जुंपता?'

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, व्हरमाँटसारख्या बर्फाळ राज्यांत हे घोडे पाळणाऱ्यांना विचारलं, तर त्यांची मुख्य काळजी थंडी नसते. गाडीचं वजनही नसतं. त्यांची काळजी असते पाण्याची बादली आणि घोड्याच्या अंगावरचे दाट केस. असं का, तेच समजून घेऊ.

मिनिएचर हॉर्स म्हणजे नक्की काय?

पहिली गोष्ट, हे शिंगरू नाही. हा पूर्ण वाढ झालेला घोडाच आहे, फक्त पिढ्यान्‌पिढ्या निवड करत त्याचा आकार लहान ठेवला गेलाय. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन १९७८ मध्ये सुरू झाली. तिच्या नियमानुसार घोड्याची उंची ३४ इंचांपेक्षा, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. ही उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत, तर मानेवरची आयाळ जिथे संपते तिथपर्यंत मोजतात. म्हणजे घोड्याची पाठ आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षा जेमतेम चार बोटं वर. अमेरिकन मिनिएचर हॉर्स रजिस्ट्री नावाची दुसरी नोंदणी संस्था ३४ ते ३८ इंचांच्या घोड्यांचीही वेगळ्या गटात नोंद करते.

वजन साधारण ७० ते ११५ किलो. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलँड बेटांवरच्या पोनींचं रक्त यांच्यात बऱ्यापैकी आहे. त्या बेटांवर वारा, पाऊस आणि थंडी यांना तोटा नाही. तिथल्या पोनी पुढे ब्रिटनच्या कोळसा खाणींत गाड्या ओढायला नेल्या गेल्या. म्हणजे थंडी आणि गाडी, दोन्ही गोष्टी या घोड्यांच्या घराण्यात जुन्याच.

एवढासा घोडा माणसाला ओढतो कसा?

इथे पाठीवर बसणं आणि गाडी ओढणं यातला फरक लक्षात घ्यायला हवा. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भार नको, असा एक ढोबळ नियम पाळला जातो. त्या हिशोबाने १०० किलोच्या मिनीवर २० किलोचं लहान मूलच बसू शकतं. मोठ्या माणसाने बसायचा प्रश्नच येत नाही.

गाडीत मात्र वजन चाकांवर असतं. सपाट, टणक रस्त्यावर तंदुरुस्त घोडा आपल्या वजनाच्या साधारण दीडपट ओझं ओढू शकतो, असं गाडी हाकणारे लोक धरून चालतात. १०० किलोचा घोडा, ४५ किलोची हलकी दोन चाकी गाडी आणि ७५ किलोचा माणूस, हे गणित त्यात बसतं. म्हणूनच मोठ्यांसाठी मिनिएचर हॉर्सचा मुख्य खेळ म्हणजे गाडी हाकणं. अमेरिकन ड्रायव्हिंग सोसायटीच्या स्पर्धांमध्ये ३९ इंचांपर्यंतच्या घोड्यांसाठी 'व्हेरी स्मॉल इक्वाइन' असा वेगळा गटच आहे.

पण हे गणित कोरड्या रस्त्याचं. चाकं भुसभुशीत बर्फात रुतली की तेच ओझं कितीतरी जड होतं. त्यामुळे हिवाळ्यात अंतर कमी करावं लागतं, चाल मंद ठेवावी लागते किंवा चाकांची गाडी सोडून घसरपट्ट्यांची 'स्ले' जोडावी लागते.

थंडी वाजत नाही का?

वाजते, पण आपल्याला वाटतं तेव्हा नाही. घोड्याच्या अंगावर हिवाळी केस येतात ते थंडी पडली म्हणून नाही, तर दिवस लहान व्हायला लागले म्हणून. मिनेसोटातल्या मिनियापोलिस शहरात डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो. ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच कमी होत जाणारा उजेड घोड्याच्या शरीराला इशारा देतो आणि दाट लोकर तयार व्हायला लागते.

मिनेसोटा विद्यापीठाच्या मार्गदर्शनानुसार असे दाट हिवाळी केस असलेल्या घोड्याला साधारण उणे ८ अंश सेल्सिअसपर्यंत अंग गरम ठेवायला जास्तीची ऊर्जा लागत नाही. केस आखूड असतील किंवा भिजलेले असतील, तर हाच आकडा ५ अंशांवर येतो. म्हणजे कोरड्या उणे पाचपेक्षा भिजक्या दोन अंशांत घोडा जास्त गारठतो. पाठीवर पडलेला बर्फ न वितळता तसाच राहिला, तर ते चांगलं लक्षण मानतात. आतली ऊब बाहेर निसटत नाही, असा त्याचा अर्थ.

मिनीच्या बाबतीत एक अडचण मात्र आहे. शरीर जितकं लहान, तितकं वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त आणि तितकी ऊब लवकर निघून जाते. त्यामुळे मोठ्या घोड्यांचे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. वाऱ्यापासून आडोसा, कोरडी जागा आणि भरपूर चारा या तीन गोष्टी मिनीला हव्याच.

चारा म्हणजे दाणे नव्हेत. आपल्याकडे थंडीत बाजरीची भाकरी आणि तीळगूळ खातात, तसा घोड्याचा उबदार खाऊ म्हणजे वाळलेलं गवत. ते मोठ्या आतड्यात आंबतं आणि त्यातून उष्णता तयार होते. एक प्रकारे पोटातली शेगडीच. रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे १०० किलोच्या घोड्याला दीड ते दोन किलो गवत, आणि पारा घसरला की त्यात थोडी भर. थंडी आहे म्हणून दाण्यांचा मारा केला, तर मिनी पटकन लठ्ठ होतो आणि लॅमिनायटिस नावाचा खुरांचा अतिशय वेदनादायक आजार मागे लागू शकतो.

खरा धोका : तहान

आता मुद्द्याची गोष्ट. उन्हाळ्यातल्या हिरव्या गवतात ६० ते ८० टक्के पाणी असतं. वाळलेल्या गवतात ते १५ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे हिवाळ्यात घोड्याला पाणी जास्त प्यायला हवं, आणि नेमकं तेव्हाच पाणी बर्फासारखं गार असतं किंवा चक्क गोठलेलं असतं. घोडा दोन घोट घेऊन तोंड फिरवतो.

पोटात सुकं गवत आणि पाणी कमी, याचा परिणाम म्हणजे आतड्यात गोळा अडकून होणारा पोटशूळ. मिनिएचर हॉर्समध्ये हा त्रास जास्त दिसतो. त्यांचं आतडं अरुंद असतं आणि त्यात लिदीचे कडक खडे अडकून बसतात. त्यात भर दातांची. छोट्या जबड्यात दातांची दाटी होते, चारा नीट चावला जात नाही आणि लांब काड्या तशाच पोटात जातात.

उपाय अगदी साधा आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांच्या एका अभ्यासात, थंडीच्या दिवसांत कोमट पाणी दिल्यावर पोनी गोठणबिंदूजवळच्या पाण्यापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त पाणी प्यायल्या. मिनेसोटा विद्यापीठही पाणी ७ ते १८ अंशांच्या दरम्यान ठेवायला सांगतं. म्हणून तिकडे तबेल्यात विजेवर गरम राहणाऱ्या बादल्या असतात. ज्यांच्याकडे त्या नाहीत, ते सकाळ-संध्याकाळ घरातून कोमट पाण्याची बादली घेऊन बर्फातून चालत जातात.

'बर्फ खाईल की!' हा गैरसमज तिथेही आहे. पण ताज्या भुसभुशीत बर्फाच्या दहा बादल्या वितळल्या, तर जेमतेम एक बादली पाणी निघतं. शिवाय तो वितळवायला घोड्याच्या अंगातलीच ऊब खर्च होते.

डोळ्यांवर विश्वास नको, हात फिरवा

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. दाट केसांमुळे मिनी हिवाळ्यात गोलमटोल वाटतो. त्या केसांखाली बरगड्या वर आलेल्या असू शकतात, आणि ते एप्रिलमध्ये केस गळायला लागल्यावर लक्षात येतं. तोवर उशीर झालेला असतो. उलटही होतं. सगळ्यांनी 'लोकर आहे' म्हणून सोडून दिलेला घोडा प्रत्यक्षात चरबीने गच्च असतो.

म्हणून दर आठवड्याला हातमोजा काढून बरगड्या, पाठीचा कणा, मान आणि शेपटीचं मूळ चाचपायचं, ही तिथली सवय. डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेली १ ते ९ गुणांची पद्धत आजही यासाठी वापरतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अति लठ्ठ, मधला ५ चांगला. बरगड्या दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात.

यात जिवाचा प्रश्न आहे, कारण मिनी, पोनी आणि गाढवांना हायपरलिपिमिया नावाचा आजार होण्याचा धोका मोठा. आजारपण, ताण किंवा उपासमार यामुळे खाणं अचानक थांबलं, की शरीर साठवलेली चरबी भराभर रक्तात सोडतं. यकृताला ती झेपत नाही आणि घोडा दगावू शकतो. लठ्ठ घोड्याला हा धोका आणखी जास्त. त्यामुळे जाड मिनीला उपाशी ठेवून बारीक करायला जायचं नाही आणि मिनीने एक वेळचं खाणं जरी सोडलं, तरी उद्यापर्यंत वाट न पाहता पशुवैद्याला फोन करायचा.

झूल घालायची की नाही?

निरोगी आणि दाट केसांच्या घोड्याला बहुतेक वेळा झुलीची गरज नसते. त्याचे केस उभे राहून मधे हवेचा थर धरतात आणि तोच त्याचा स्वेटर असतो. पातळ झूल टाकली की केस दबतात आणि ऊब उलट कमी होते. म्हातारे, हाडकुळे, आजारी किंवा केस कापलेले घोडे, आणि सतत गार पाऊस झेलणारे घोडे यांना मात्र झूल लागते. ती रोज काढून आत घाम, ओल किंवा काचलेली जागा नाही ना, हे पाहावं लागतं.

बर्फात गाडी हाकायची तर

सगळ्यात आधी पाहायची ती जमीन. ताजा, हलका बर्फ चालतो. काचेसारखा बर्फ असेल तर गाडी बाहेर काढायचीच नाही. वरून कडक आणि आतून पोकळ असलेला थर घोड्याच्या पायांना कापतो. आणि मोठ्या घोड्याच्या गुडघ्याला लागणारा बर्फ मिनीच्या पोटाला टेकतो, हे विसरायचं नाही.

खुरांना नाल असले की तळव्यात बर्फाचे गोळे जमतात आणि घोडा उंच टाचा घातल्यासारखा डगमगतो. मिनींना सहसा नाल ठोकत नाहीत, त्यामुळे हा त्रास कमी होतो. तरी निघताना आणि परतल्यावर खूर साफ करावेच लागतात.

लगामाचा तोंडात जाणारा लोखंडी भाग थेट थंडीतून उचलून घोड्याच्या तोंडात द्यायचा नाही, जिभेला चटका बसतो. आधी तो हातात किंवा जॅकेटच्या आत धरून कोमट करतात.

स्ले जोडायची असेल तर साजातला एक पट्टा विसरून चालत नाही, तो म्हणजे घोड्याच्या मांड्यांमागून जाणारा. साध्या स्लेला ब्रेक नसतो. उतारावर ती घसरत येऊन घोड्याच्या पायांवर आदळू शकते. हा पट्टा असेल तर घोडा गाडी मागे थोपवू शकतो.

घंटा मात्र शोभेपुरत्या नव्हत्या. बर्फावर स्लेचा आवाजच होत नाही, म्हणून समोरच्याला कळावं यासाठी अमेरिकेत काही ठिकाणी एकेकाळी घंटा बांधणं कायद्यानेच सक्तीचं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये हमखास वाजणारं 'जिंगल बेल्स' १८५७ मध्ये छापलं गेलं तेव्हा त्याचं नाव 'वन हॉर्स ओपन स्ले' होतं. म्हणजे गाणं मुळात एका घोड्याच्या घसरगाडीचंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घोड्याला घाम येऊ द्यायचा नाही. एवढ्या दाट केसांतला घाम वाळायला तासन्‌तास लागतात, आणि भिजलेल्या केसांचा आकडा वर आलाच आहे. म्हणून फेरी छोटी, शेवटची दहा मिनिटं साध्या चालीने. परतल्यावर टॉवेलने पुसणं, लोकरीची झूल टाकून अंग सुकू देणं, मग ती काढून खरारा आणि समोर कोमट पाणी. पूर्ण सुकल्याशिवाय घोडा बाहेर सोडत नाहीत.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

कारण तीन-चार महिने नुसतं उभं राहणं घोड्यालाही मानवत नाही. हालचाल असली की आतडी चालू राहतात, वजन आटोक्यात राहतं आणि कंटाळलेला घोडा लाकूड कुरतडत बसत नाही. ज्या दिवशी गाडी काढता येत नाही, त्या दिवशी बरेच जण लांब लगाम हातात धरून घोड्याच्या मागे चालत फिरतात. नव्या घोड्याला गाडीसाठी तयार करण्याची सुरुवातही अशीच होते. नोकरी करणाऱ्यांना अंधारात घर सोडून अंधारातच परत यावं लागतं, त्यामुळे गाडीची फेरी बहुधा शनिवार-रविवारीच होते. पाणी, गवत आणि खरारा मात्र रोज.

तेव्हा पुढच्या वेळी ते रील समोर आलं, की 'थंडी वाजत नसेल का' यापेक्षा दुसरे प्रश्न विचारायला हवेत. घोड्याचे केस कोरडे आहेत का? स्लेला मांड्यांमागचा पट्टा आहे का? पायाखाली बर्फ आहे की काच? आणि घरी परतल्यावर बादलीतलं पाणी कोमट असेल का? ही उत्तरं 'हो' असतील, तर तो केसाळ बुटका बहुतेक मजेत आहे.