नाताळचा प्रकाश आणि केडगांवचा माळ

नाताळ हा शब्द मराठींत पोर्तुगिजांकडून आला; त्याचा मूळ अर्थ जन्म. ख्रिस्तजन्माची तिथि मात्र शुभवर्तमानांत कोठेंच दिलेली नाहीं. २५ डिसेंबर हा दिवस चवथ्या शतकांत रोम येथें पाळला जात असे, आणि तो उत्तर गोलार्धांतील अत्यंत दीर्घ रात्रींच्या लगतचा आहे. लूक सांगतो कीं, बालकाला गव्हाणींत निजविलें आणि ही वार्ता प्रथम कळली ती रात्रीं कळप राखणाऱ्या मेंढपाळांस. योहान गव्हाणीचा उल्लेखहि करीत नाहीं. ख्रिस्ताच्या येण्याचें वर्णन तो अंधारांत आलेला प्रकाश असें करतो. ऐन अमावास्येस लक्ष्मीपूजनाचे दिवे लावणाऱ्या आपल्या घरांना ही कल्पना परकी वाटूं नये. परंतु तिच्यांत एक विशेष आहे. येथें दिवा मनुष्य लावीत नाहीं. प्रकाश आपण होऊन अंधाराच्या घरीं येतो, आणि तोहि राजवाडा टाळून गोठ्यांत.

हा अर्थ आचरणांत कसा उतरतो हें पाहण्यास पुणेंकरांस दूर जावयास नको. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस विधवांच्या शिक्षणासाठीं काढलेलें शारदासदन पुढच्याच वर्षीं पुण्यास आलें. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार या नात्यानें त्याच्या पाठीशीं होते. पण सदनांत धर्मविषयक तटस्थता राहिली नाहीं असें वाटून १८९३ सालीं ते दूर झाले. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. आसरा देणाऱ्याच्या श्रद्धेचा भार निराधार मुलीच्या मनावर किती पडावा, हा प्रश्न आजहि सुटलेला नाहीं.

तथापि कथा तेथेंच संपत नाहीं. रमाबाईंचे आईबाप दुष्काळांतच गेले होते. उपासमार त्यांना पुस्तकांतून कळलेली नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि खंगलेल्या शेंकडों मुलींना घेऊन आल्या. पुण्यांत तेव्हां प्लेगची धास्ती. म्हणून त्या मुलींचें बिऱ्हाड केडगांवच्या माळावर पडलें. तेथें मुक्तिसदन उभें राहिलें. शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग निघाले. आणि रमाबाईंची कन्या मनोरमाबाई आंधळ्या स्त्रियांस ब्रेल लिपि शिकवूं लागल्या. ज्यांच्या डोळ्यांत उजेड शिरूं शकत नव्हता, त्यांच्या बोटांच्या टोकांशीं तो येऊन उभा राहिला. नाताळच्या अर्थावर याहून साधें भाष्य मला ठाऊक नाहीं.

रमाबाई १९२२ सालीं निवर्तल्या. केडगांवची संस्था आजहि चालू आहे. धर्मांतराचा वाद ज्यानें त्यानें आपल्या विवेकानें तोलावा. मात्र तोलतांना, त्या दुष्काळी वाटेनें अंधारांत कोण चालत गेलें, हेंहि पारड्यांत घालावें.