ट्रक, डिझेल आणि हवेचा बुडबुडा

घाटात बंद पडलेल्या ट्रकजवळ थोडा वेळ थांबून पाहण्यासारखे असते. स्टार्टर जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे. टाकीत डिझेलही आहे. तरी इंजिन सुरू होत नाही. मग जुना मेकॅनिक फिल्टरवरचा एक लहानसा स्क्रू सैल करतो आणि शेजारचा हातपंप दाबत राहतो. स्क्रूपाशी आधी फेस येतो, नंतर डिझेलची स्वच्छ धार. स्क्रू आवळला, किल्ली फिरवली की इंजिन धडधडू लागते. “एअर घेतली होती,” एवढेच तो सांगतो. विहिरीवर डिझेल इंजिन चालवलेल्या शेतकऱ्यालाही हे निदान नवे नाही.

पण इंजिन तर हवेवरच चालते! मग चमचाभर हवेने त्याचे काय अडते?

याचे उत्तर शंभरएक वर्षे मागे जाते. १८९३ साली रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला एका नव्या इंजिनाचे पेटंट मिळाले. हवा जोराने दाबली की तापते (सायकलचा पंप हाताला गरम लागतो, तसेच). ती इतकी दाबायची की आत सोडलेले इंधन ठिणगीशिवाय पेट घेईल, ही त्याची कल्पना. ऑग्सबर्गच्या कारखान्यात चार वर्षे झगडून १८९७ मध्ये त्याने जे इंजिन दाखवले, ते इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा कामात आणत होते. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हे जमण्यासारखे नव्हते.

मात्र खरी अडचण होती ती इंधन आत सोडण्याची. सिलिंडरात आधीच प्रचंड दाब. त्यावर मात करून इंधनाचा बारीक फवारा उडवायचा. नुसत्या पंपाने ते साधेना. तेव्हा डिझेलने वेगळ्या कॉम्प्रेसरमध्ये आणखी दाबलेली हवा वापरून इंधन आत फुंकले. म्हणजे डिझेलच्या स्वतःच्या इंजिनात इंधनाला हवेचीच सोबत लागत होती! इंजिन चालले, पण कॉम्प्रेसरसकट ते धूड कारखान्यात किंवा जहाजात शोभणारे. ट्रकमध्ये ते बसणार कसे? १९१३ साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून डिझेल नाहीसा झाला, तोवर हा प्रश्न सुटलेला नव्हता.

१९२३-२४ च्या सुमारास कॉम्प्रेसरशिवाय चालणारे डिझेल ट्रक जर्मनीत रस्त्यावर आले, आणि १९२७ अखेर श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने इंधनपंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. हा पंप म्हणजे सुबक कारागिरीचा नमुनाच. दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही हजारांश इतकी. एका जोडीचा दट्ट्या दुसऱ्या नळीत घालून चालत नाही. मिनिटाला १,८०० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला पंधरा वेळा, दर वेळी साधारण थेंबभर डिझेल मोजून द्यायचे. वातावरणाच्या दीड-दोनशेपट दाब झाला की नॉझल उघडते आणि फवारा उडतो. १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागलेल्या टाटा-मर्सिडीज ट्रकांचेही तंत्र हेच.

आता वर्गात दोन सुया काढलेल्या सिरिंज घ्या. एकीत पाणी, दुसरीत हवा. तोंड अंगठ्याने बंद करून दट्टे दाबा. पाण्याचा दट्ट्या हलत नाही, सारा जोर अंगठ्यावर येतो. हवेचा दट्ट्या मात्र सहज आत जातो आणि सोडला की परत येतो. बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम तो हाच. पंपात थेंबाऐवजी बुडबुडा असला की दट्ट्याची सगळी धाव त्याला चेपण्यात संपते, दाब दोनशेपटीपर्यंत पोचतच नाही, नॉझल मिटलेले राहते. फवाऱ्यासाठी जी हवा डिझेलला हवीहवीशी होती, ती आता वैरी झाली.

ही हवा येते कुठून? मेकॅनिकची खरी परीक्षा इथे असते. टाकीत डिझेल कमी असेल तर चढावर ते एका बाजूला सरकते आणि शोषनळीचे तोंड उघडे पडते. टाकीच्या झाकणाचे भोक मातीने बुजले असेल तर गोष्ट निराळी: आत निर्वात वाढत जातो, डिझेल वर चढेनासे होते, झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज येतो. सर्वांत फसवी असते ती टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीतली चीर. त्या नळीत दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. नळी कोरडी दिसते म्हणून नवशिका ती तपासतच नाही. हवा काढतो आणि दहा मैलांवर गाडी पुन्हा उभी!

कॉमन रेलच्या नव्या ट्रकांत दाब दीड-दोन हजारपटींवर गेला आहे. तिथे चालू इंजिनाच्या दाबनळ्या सैल करू नयेत, फवारा कातडीत घुसतो. रेलमधला दाब कमी आहे हे संगणक सांगतो, पण चीर कुठे आहे ते दाखवत नाही. त्यासाठी मेकॅनिक टाकीकडच्या नळीत पारदर्शक नळीचा तुकडा जोडतात आणि इंजिन चालू ठेवून बुडबुडे दिसतात का ते पाहत बसतात.