दोष छपराचा नव्हे

सिडनीच्या ऑपेरा हाउसबद्दल एक मत इतके रुळले आहे, की आता ते कोणी तपासूनही पाहत नाही. बाहेरून देखणे, आतून गैरसोयीचे. डॅनिश वास्तुरचनाकार यॉर्न उट्झन यांनी शिडांसारख्या छपरांच्या हट्टापायी आतल्या संगीताचा बळी दिला, असे ते मत. ते साफ चुकीचे आहे आणि एका मोठ्या कलावंतावर अन्याय करणारेही.

आक्षेप निराधार नाही, हे आधी मान्य करू. ऑपेरा जिथे होतो त्या दालनात जेमतेम दीड हजार प्रेक्षक मावतात, रंगमंचाला बाजूच्या विंगा नाहीतच म्हणायच्या आणि वादकांच्या खड्ड्यात मोठा वाद्यवृंद बसवताना ओढाताण होते. पण हे दालन मुळात ऑपेरासाठी आखले होते का? नव्हते.

१९५६च्या स्पर्धेत दोन दालने मागितली होती. मोठे तीन ते साडेतीन हजार प्रेक्षकांचे, त्यात ऑपेरा आणि वाद्यवृंदाच्या मैफली दोन्ही व्हायच्या; धाकटे सुमारे बाराशेंचे, मुख्यतः नाटकांसाठी. २३३ आराखड्यांतून उट्झन निवडले गेले. बेनेलाँग पॉइंट हे भूशिर अरुंद. त्यांनी दालने शेजारी-शेजारी ठेवली, विंगांचा मोह सोडला आणि नेपथ्य तळघरातून यंत्राने वर आणायचे ठरवले. सर्वांत उंच छप्पर मोठ्या दालनाच्या रंगमंचावर येते, ते त्याचे पडदे वर ओढून घेता यावेत म्हणून. रूप आणि उपयोग इथे एकाच विचारातून आले होते.

मग बिनसले कुठे? १९६५ साली न्यू साउथ वेल्समध्ये सत्ता पालटली. नवे बांधकाममंत्री डेव्हिस ह्यूज यांनी पैसे अडवले, अंतर्भागाच्या प्लायवूडच्या नमुन्यांनाही मंजुरी दिली नाही. फेब्रुवारी १९६६मध्ये उट्झन यांनी काम सोडले. पुढे सरकारी प्रसारण संस्थेने मोठ्या दालनात मैफलींसाठी २,८०० आसनांचा आग्रह धरला आणि १९६७ साली ते दालन केवळ मैफलींचे झाले. बसवलेली रंगमंच-यंत्रणा उखडून काढली गेली. ऑपेरा धाकट्या दालनात कोंबला गेला. उट्झन यांच्यानंतर अंतर्भाग सांभाळणारे पीटर हॉल यांनाही मी दोष देणार नाही. बदललेली मागणी त्यांच्या पदरात पडली होती.

‘हट्टी छपरां’विषयीही थोडे बोलले पाहिजे. सुरुवातीचे मोकळे वळण गणितात बसेना, अभियंत्यांची वर्षे त्यात गेली. १९६१मध्ये उट्झन यांनी तोड काढली: प्रत्येक छप्पर ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापायचे, संत्र्याच्या फोडींसारखे. वक्रता सगळीकडे सारखी झाल्याने काँक्रीटच्या फासळ्या तेच साचे पुन्हापुन्हा वापरून ओतता आल्या. वरच्या १०,५६,००६ टाइल्स स्वीडनच्या. त्या एकेक करून उंचावर चिकटवल्या नाहीत. जमिनीवरच त्यांचे पट्टे ओतून वर चढवले. मध्ये चकचकीत टाइल, कडेला मंद. त्यामुळे उन्हात छपराची रेघन् रेघ दिसते. इतका काटेकोर हिशेब करणाऱ्याला स्वप्नाळू कसे म्हणायचे?

राहिला खर्च. ७० लाख डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला, हे खरे. पण नकाशे पुरे होण्याआधीच, मार्च १९५९मध्ये, काम सुरू करण्याची घाई राजकारण्यांची होती; त्यापायी पायथ्याचे खांब पुन्हा बांधावे लागले. ऑक्टोबर १९६६पर्यंत खर्च झाले होते २ कोटी २९ लाख. पुढच्या कामाचे अंदाज तेव्हाच फुगले होते, तरी बाकीची सगळी रक्कम एकट्या उट्झन यांच्या माथी मारता येत नाही.

आणि छप्परच जर संगीताचे वैरी असेल, तर २०२२चे काय? मैफलींच्या दालनातल्या आवाजाबद्दल कितीतरी वर्षे कुरकुर होती. दोन वर्षे ते बंद ठेवून छताखाली नवे ध्वनिपरावर्तक टांगले, रंगमंच आणि भिंतींवर काम केले. आवाज सुधारला. उट्झन यांच्या छपरांना त्यासाठी हात लावावा लागला नाही.